मधले तीन तास

४ जानेवारी

आत्या, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डब्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढून तुझे कान गेले आणि मला फोन उचलावासा वाटत नाही, तेव्हा टपाल आपल्या दोघांच्याही सोयीचं आहे.

इथे सगळं ठीक. उस्ताद गेला त्या अपघाताला परवा सहा महिने झाले. कंपनीने मला लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून काढून गोदामात बसवलंय हे तुला कळवलंच होतं. नटबोल्ट आकाराप्रमाणे वेगळे करायचे, खोक्यात भरायचे, खोक्यावर चिठ्ठी डकवायची. दोन पोलादी कपाटांच्या मधे एक स्टूल आहे, त्यावर बसून डबा खातो. तिथे कोणी बोलायला येत नाही. घरी यायला सहा मजले जिना चढतो. व्यायाम होतो.

कंपनीने नेमून दिलेल्या डॉक्टरीणबाईंकडे दर बुधवारी जातो. सुधारणा आहे म्हणतात.

तू विचारलंस, रडू येतं का. नाही येत. काहीच येत नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर आपलाच ओठ आपल्याला परका लागतो ना, तसं आहे. दुखत नाही, एवढं बरं.

झाडाला पाणी घालतो. तब्येत सांभाळ.

घुम्या

१५ जानेवारी

घुम्या,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. पत्र म्हणायचं की खोक्यावरची चिठ्ठी? मी चार पानं लिहायची आणि साहेबांनी अर्धं पान पाठवायचं. लहानपणी घुम्या नाव ठेवलं ते तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

माझं म्हणशील तर गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली. सर्जन पोरसवदा आहे, मला 'आजी' म्हणतो. मी म्हटलं, आजी म्हणायचं तर गुडघा नीट बसव, नाहीतर याच काठीने तुझ्याशी बोलेन. तो हसला, पण बारीकसं. तुझा दादा रजा टाकून माझ्याजवळ राहणार आहे. चहा तोच करतो, आणि साखर घालताना त्याचा हात आखडतो, बापावर गेलाय.

आता मुद्द्याचं. तुझ्या उस्तादच्या बायकोचं मला पत्र आलं. तिने तीनदा तुझ्या दाराची बेल वाजवली, आत दिवा होता आणि तू उघडलं नाहीस म्हणे. दोन चिठ्ठ्याही सारल्या दाराखालून. बिचारी तक्रार करत नाहीये, फक्त तू बरा आहेस ना एवढंच विचारते. अकरा वर्षं ज्या घरात हक्काने जेवलास, त्या वहिनीला दारात उभं करायचं? हे मी तुला शिकवलं नव्हतं. काय ते खरंखरं कळव.

तुझी आत्या

२ फेब्रुवारी

आत्या,

वहिनी आली तेव्हा मी बहुतेक झोपलो असेन. चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे. वाचतो सवडीने.

सोबत एक पार्सल येईल. माझी हत्यारांची पेटी आहे. पाने, पकडी, टेस्टर, सगळं पुसून तेल लावून ठेवलंय. इथे पडून गंजण्यापेक्षा तुझ्या घरी उपयोगी पडेल. त्या लहान स्क्रूड्रायव्हरची मूठ उस्तादने बसवून दिलेली आहे, ती पक्की आहे.

हल्ली कामावर जाताना बाजारपेठेतून जात नाही. तिथे ती इमारत लागते. मागून, गॅरेजच्या रस्त्याने जातो. वीस मिनिटं जास्त लागतात, पण वेळ आहे. गेल्या आठवड्यात गॅरेजसमोरच्या इमारतीत लिफ्ट बसवायला घेतली. आता तिच्याही मागून जातो.

शस्त्रक्रियेला शुभेच्छा.

घुम्या

१२ फेब्रुवारी

घुम्या,

पेटी आली! दादाने उघडली आणि दोघंही बघतच राहिलो. इतकी चकाचक हत्यारं मी दुकानातसुद्धा पाहिली नाहीत. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार दोन वर्षं वाकडं लटकत होतं, दादाने ते तासाभरात बसवलं आणि दिवसभर कॉलर ताठ करून हिंडला.

खरं सांगू, मला फार बरं वाटलं. त्या धंद्याचा तू नाद सोडलास, हात झटकून मोकळा झालास. मी म्हणतच होते, माणसाने किती दिवस मागचं उगाळत बसायचं? आता गोदामात तरी रहा नाहीतर दुसरं काही शीक. तू मार्गी लागलास, माझ्या जिवाला घोर राहिला नाही.

गुडघा झाला. सतरा टाके. जिना उतरायला सहा आठवडे बंदी.

वहिनीला भेटलास का? त्या प्रश्नाला तू शिताफीने बगल दिलीस, ते माझ्या लक्षात आलंय.

तुझी आत्या

२० फेब्रुवारी

आत्या,

तुला बरं वाटलं हे वाचून मलाही बरं वाटलं.

घर आवरून झालं. इतका मोकळा मी बऱ्याच दिवसांत नव्हतो. झाड खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना दिलं. त्यांच्या खिडकीत ऊन चांगलं येतं. जुने कपडे एका संस्थेला देऊन टाकले. गोदामातलं काम मी एका वहीत नीट लिहून ठेवलंय, म्हणजे कोणालाही हाती घेता येईल.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तू मला घेऊन गेलीस आणि कधी दादात आणि माझ्यात फरक केला नाहीस. हे मी तुला कधी बोललो नव्हतो, म्हणून लिहितोय. तू माझ्यासाठी पुष्कळ केलंस. तुझं काही चुकलं नाही.

उन्हाळ्यात इकडे यायचं म्हणत होतीस, ते राहू दे. पायाला त्रास होईल.

घुम्या

२५ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं पत्र सकाळी अकराला आलं. दोनदा वाचलं. मग हत्यारांच्या पेटीकडे बघितलं आणि दादाला हाक मारली. मी काय समजत होते आणि काय चाललं होतं! दार बसवून टाळ्या वाजवत होते मी मूर्ख बाई.

मी तुला सरळ विचारते. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? हो की नाही, एवढंच लिही. गोल गोल नको. तुझं उत्तर हो असेल तर मी ओरडणार नाही, रडणार नाही, तुला देवाधर्माचं सांगणार नाही.

हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतेय, पण त्याची वाट बघत बसले नाही. दादाला तुझ्या शिंपीणबाईंच्या दुकानात फोन करायला लावलाय. त्या आत्ता वर येतील. दादा दुपारच्या गाडीने निघतोय, उद्या सकाळी तुझ्या दारात असेल. माझ्याकडे शेजारीण आहे, मला काही होत नाही. चुगली केली म्हणून राग येईल तुला. येऊ दे. रागावण्यासाठी का होईना, घरात थांब.

दार उघड.

आत्या

१ मार्च

आत्या,

हो.

दादा इथे आहे. समोर बसून वर्तमानपत्र वाचतोय. एक पान तो अर्धा तास वाचतो, त्यामुळे वाचत नाहीये हे मला कळतं. शिंपीणबाई त्या दिवशी हातात टेप आणि तोंडात टाचण्या तशाच घेऊन वर आल्या होत्या. माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं ते बसेपर्यंत बसल्या, मग दुसऱ्या शर्टाचं, मग तिसऱ्याचं. दादा येईपर्यंत त्यांच्या घरचं कोणी ना कोणी माझ्याकडे होतं.

मला मरायचंय असं नाही वाटत. असणं बंद व्हावं असं वाटतं. जानेवारीपासून रोज. आधी भीती वाटायची त्या विचाराची, नंतर ती पण वाटेनाशी झाली. डॉक्टरीणबाईंकडे मी जात नव्हतो. दोनदा गेलो, तिसऱ्या वेळी त्यांनी त्या दिवसाबद्दल विचारलं, मग गेलो नाही. तुला खोटं लिहिलं.

आता तो दिवस. कोणालाच सांगितलेला नाही. चौकशीत विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली, बस.

लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी गच्चीवरच्या मशीनखोलीतला मुख्य स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप आणि आपल्या नावाची लाल पाटी लावायची असते. माणसं दोन तर पाट्या दोन. ज्याची पाटी त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. जोवर एक तरी पाटी आहे तोवर लिफ्ट हलत नाही. आम्ही अकरा वर्षं एकच पाटी लावत आलो. उस्ताद म्हणायचा, आपण काय वेगळे आहोत का. मला त्याचं भूषण वाटायचं. बाकीच्या जोड्या दोन पाट्या लावायच्या, आमची एक.

त्या दिवशी काम संपलं, दोघंही वर आलो, तळमजल्यावर पाणी प्यायलो. तो म्हणाला, जा, चालू कर. मी सात मजले चढलो. पाटी काढली, स्विच दाबला. तेवढ्यात तो खड्ड्यात राहिलेली बॅटरी आणायला परत उतरला होता. दुसरी पाटी असती तर ती काढायला त्याला स्वतःला वर यावं लागलं असतं.

अहवालात लिहिलंय की चूक दोघांची. तो नाहीये, म्हणजे चूक आता माझ्या एकट्याकडे आहे. वहिनीला मी हे कोणत्या तोंडाने सांगू? तिच्या चिठ्ठ्या मी उघडलेल्या नाहीत.

घुम्या

६ मार्च

घुम्या,

लिहिलंस, फार बरं केलंस. 'हो' वाचून मी शब्द दिल्याप्रमाणे ओरडले नाही. रडले मात्र, तेवढं वचन मोडलं.

तुझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. तू ते मानणार नाहीस, आणि मी तुला लहान पोरासारखी समजूत घालणार नाही. चूक होती. तुमच्या दोघांच्या प्रेमाची चूक होती, आणि ती एका मिनिटात नाही, अकरा वर्षांत झाली. पण चूक झाली म्हणून तू नसावंस, हे गणित मला अजिबात मंजूर नाही.

आता माझं ऐक. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मी तीन महिने घरी नव्हते, आठवतं? नवीन यंत्र शिकायला कारखान्याच्या दुसऱ्या शाखेत गेलेय, असं तुम्हा मुलांना सांगितलं होतं. कसलं यंत्र! मी रुग्णालयात होते. दादाचे वडील गेल्यानंतर दीड वर्ष मी कामावर जात होते, डबे करत होते, तुमची शाळा-दप्तरं-पोटं बघत होते, आणि आत काही म्हणजे काही नव्हतं. तेच विचार, तुला येतात तेच. एका दुपारी पाळी संपल्यावर मी घरी न जाता तशीच मुकादमबाईपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला एकटीला घरी पाठवू नका. तिने पाठवलं नाही. स्वतः रुग्णालयात घेऊन गेली.

लोक म्हणतील वेड लागलं, पोरं काढून घेतील, म्हणून पंचवीस वर्षं तोंडाला कुलूप. दादालाही त्या दुपारी, तो गाडीला निघताना, सांगितलं. पायरीवर बसलाच मटकन. तुला आधी सांगितलं असतं तर तू मला आधी सांगितलं असतंस का? या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवलाय. म्हणून आता सांगतेय. हे जातं, घुम्या. एकदम जात नाही. कधी परत डोकावतंसुद्धा. पण मी चाळीशीत जे संपवायला निघाले होते त्यात पुढे बरंच काही होतं, तुझी पहिली नोकरी होती, दादाचं भयंकर गाणं होतं, हा गुडघा होता.

तुमच्याच नियमाने बोलू? यापुढे तुझ्या जिवावर पाट्या दोन. एक तुझी, एक माझी. तो विचार आला की तू आधी माझ्याकडे यायचं, कारण माझी पाटी मीच काढू शकते. आणि मी ती काढणार नाही. मी सांगत नाही तोवर तुला कशालाच हात लावायची परवानगी नाही. माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल तेव्हा शिंपीणबाई, दादा, डॉक्टरीणबाई, रात्री-अपरात्री रुग्णालय. कोणाचंही दार वाजव. लाज वाटली तर वाटू दे, ती कोणाला मारत नाही.

वहिनीला मी काही कळवलेलं नाही. ते तुझं आहे.

आत्या

२८ मार्च

आत्या,

तुझं पत्र दादाने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मला सलग वाचता येत नव्हतं. मुकादमबाईपाशी त्याचा आवाज फाटला. मग आम्ही दोघं गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीतला माणूस गालिचा झटकतो ते बघत बसलो.

डॉक्टरीणबाईंकडे आता आठवड्यातून दोनदा जातो. पहिल्या दिवशी दादा जिन्याने माझ्याबरोबर चढला, पाचव्या मजल्यावर त्याचा दम निघाला आणि त्यांनी आधी त्यालाच पाणी दिलं. त्यांना सगळं सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, तू आठ महिने त्या दिवसाच्या आसपासचं एकेक बंद करत आलास. आधी लिफ्ट, मग रस्ता, मग फोन, मग माणसं, मग स्वतः. मी म्हटलं, तसं केलं की दुखत नाही. त्या म्हणाल्या, हो, आणि बाकीचंही काही लागत नाही.

आम्ही एक कागद केलाय. विचार वाढायला लागला की कसं ओळखायचं, मग काय करायचं, कोणाला सांगायचं, ते माझ्याच शब्दांत. पहिलं लक्षण मी लिहिलंय: 'घर आवरायला घेतो'. घरात जे नसलेलं बरं ते दादाने आणि शिंपीणबाईंनी नेलं. झोपेच्या गोळ्या त्यांच्याकडे असतात, रोज संध्याकाळी एक देतात, कपड्यांचं माप घेतल्यासारखं माझ्याकडे बघतात आणि जातात.

विचार येतात अजून. परवा फार होता. दादा भाजीला गेला होता. मी खाली दुकानात गेलो आणि म्हटलं, मला इथे बसू द्या. त्यांनी काजं करायला दिली. माझी काजं वाकडी झाली, त्यांनी ती उसवली, मी परत केली. दोन तासांनी विचार कमी झाला. गेला नाही, कमी झाला.

बाजारपेठेतल्या त्या रस्त्याच्या तोंडापर्यंत गेलो. दहा मिनिटं उभा राहिलो, घामाने भिजलो, परत आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर केलंस. मला काही केल्यासारखं वाटलं नाही.

वहिनीकडे जायचं ठरवतो आणि बूट घालून बसून राहतो. तिने नको तोंड दाखवू म्हटलं तर, हा प्रश्न आहे. आणि ठीक आहे रे म्हटलं तर, हा त्याहून मोठा आहे.

घुम्या

५ एप्रिल

घुम्या,

तू शिंप्याच्या दुकानात काजं करत बसलास हे वाचून माझा जीव भांड्यात पडला, आणि हसूही आलं. तुझ्या हाताची काजं! गिऱ्हाईक पळेल तिचं.

मी परवा काठीशिवाय न्हाणीघरापर्यंत गेले. वाटेत भिंतीला दोनदा मिठी मारली.

वहिनीचं काय करायचं ते मी सांगणार नाही. ती काय म्हणेल हे मलाही ठाऊक नाही. रागावेल, हाकलेल, काहीही. तिला तो अधिकार आहे. पण जाशील त्या दिवशी आधी डॉक्टरीणबाईंना सांगून जा, दादाला बाहेर बाकावर बसव, आणि ती काहीही बोलली तरी तिथून सरळ त्याच्याकडे ये. एवढं केलंस की बाकीचं सोसता येईल.

आणि आधी त्या चिठ्ठ्या वाच रे बाबा.

आत्या

१८ एप्रिल

आत्या,

चिठ्ठ्या डॉक्टरीणबाईंसमोर उघडल्या. पहिलीत एवढंच होतं: 'एकदा येशील का? तुला विचारायचंय.' दुसरीतही तेच, फक्त 'रागवायला नाही' हे खाली जोडलेलं.

काल गुरुवारी साडेपाचला गेलो. दादा समोरच्या बाकावर होता. वहिनी दवाखान्यातून नुकतीच आली होती, तिथे ती केसपेपर लिहिते, बोटाला शाई होती. बारीक झालीये. 'बस' म्हणाली. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसायला गेलो आणि थबकलो, तर म्हणाली, तीच तुझी आहे, बस.

मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. पाटी एकच होती, ती मी काढली, स्विच मी दाबला. खाली एकदा बघून यायला हवं होतं ते बघितलं नाही. अडखळत सांगितलं, पण सांगितलं.

तिने मधे तोडलं नाही. मग म्हणाली, अहवाल मी पहिल्याच आठवड्यात वाचला. तुम्ही एकच पाटी लावता हे मला लग्नापासून माहीत होतं, तो फुशारकीने सांगायचा आणि मी हसायचे. कित्येक महिने तुझ्यावर खूप चिडले होते. त्याच्यावरही. एखाद्या दिवशी अजून चिडते, आणि तसा दिवस असला तर तुला सांगेन. 'पण त्यासाठी नव्हते बोलावत.'

मी विचारलं, मग कशासाठी?

ती म्हणाली, 'तो आठ वाजता घरातून निघाला. मी आंघोळीला होते, त्याने बाहेरूनच येतो म्हटलं. अकराला मला निरोप आला. मधले तीन तास माझ्याकडे नाहीत. ते फक्त तुझ्याकडे आहेत. तू दार उघडत नव्हतास ना, तेव्हा मला भीती वाटायची की तेसुद्धा जातील.'

आत्या, मी नऊ महिने त्या तीन तासांतलं शेवटचं एकच मिनिट बघत होतो. आधीचं सगळं तिथेच होतं आणि मी त्याला हात लावला नव्हता. कोणाला ते हवं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी खुर्चीवर बसलो आणि सांगायला लागलो. आधी सुचेना. मग आठवलं की तो आला तेव्हा दोन पायांत दोन वेगळे मोजे होते. तिने तोंडावर हात ठेवला, म्हणाली, मग माझ्या कपाटात त्यांचे जोडीदार अजून आहेत. गाडीचं दार लागत नव्हतं म्हणून त्याने दाराला आई-बहिणीवरून न जाता ज्या नव्या नव्या शिव्या घातल्या, त्या तिने मला पुन्हा म्हणायला लावल्या. एकीवर ती हसली. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला होता की घरी पंखा साफ करायचं वचन दिलंय आणि आज काही सुटका नाही. हे ऐकून ती उठून आत गेली. थोड्या वेळाने तोंड धुऊन आली आणि म्हणाली, हं, मग?

तेव्हा मला रडायला आलं. पुष्कळ आलं. चांगलं वाटलं असं नाही, फार दुखलं. तिने थांबवलं नाही.

साडेसात वाजले तेव्हा आम्ही जेमतेम सव्वानऊपर्यंत पोचलो होतो. मी पुढचं सांगायला लागलो तर तिने हात वर केला. म्हणाली, आज एवढंच. मला ते पुरवून पुरवून हवंय. पुढच्या गुरुवारी येशील?

मी येतो म्हणालो.

घुम्या